वाऱ्याचा हिशेब

शिरूर तालुक्यातील निमोणे हे घोड नदीच्या खोऱ्यातील गाव. पूर्वी येथील शेतकऱ्याचे वर्ष बाजरी आणि रब्बी ज्वारी या दोन पिकांभोवती फिरत असे. पाण्याची सोय झाली तसा ऊस आणि कांदाही आला. ज्वारीची मळणी बैलांच्या पायांखाली होत असे, त्या काळी प्रत्येक खळ्यावर एक जाणता माणूस वावडीवर उभा राही. तिवड्याभोवती मळून निघालेले दाणे आणि भूस यांचे मिश्रण सुपात घेऊन तो सूप डोक्याच्या उंचीवर धरी आणि वाऱ्याची वाट पाही. झुळूक आली की सूप हलके हलवी. दाणा सरळ खाली पडे, भूस थोडे दूर जाऊन पडे आणि बारीक धूळ त्याहूनही पलीकडे निघून जाई.

या कामातील खरे कौशल्य हाताचे नव्हते. ते वारा ओळखण्याचे होते. वारा पडला तर भूस दाण्यातच राही. वारा अंगावर आला तर हलका दाणाही भुसात जाई. म्हणून उफणणीपूर्वी चिमूटभर भूस हवेत सोडून ते किती अंतरावर पडते, हे जाणती माणसे पाहत. त्यांच्या हाती कोणतेही यंत्र नव्हते, परंतु ते वाऱ्याचे मोजमापच करीत होते. हवेच्या साहाय्याने कण वेगळे करावयाचे असतील, तर आधी हवा किती वेगाने वाहते हे ठाऊक असले पाहिजे. हा नियम निमोण्याच्या खळ्यावर जितका खरा, तितकाच तो आज डाळ मिलमध्ये, कारखान्याच्या धुराड्यावर, शहरातील हवा तपासणाऱ्या यंत्रात आणि दम्याच्या रुग्णाच्या हातातील औषधी उपकरणातही खरा आहे. या सर्व ठिकाणी वारा चुकीचा मोजला, तर कणांचा हिशेबही चुकतो; आणि त्या चुकीची किंमत बहुधा कोणाच्या तरी फुप्फुसाला मोजावी लागते.

कणाचा आकार म्हणजे काय?

उफणणीत दाणा आणि भूस वेगळे होतात ते लांबी-रुंदीमुळे नव्हे. भुसाचा तुकडा दाण्याहून मोठा असतो, तरीही तोच दूर उडतो. हवेतून खाली पडण्याचा प्रत्येक वस्तूचा एक ठरावीक वेग असतो आणि तो तिच्या वजनावर, घनतेवर व ठेवणीवर अवलंबून असतो. ज्याचा हा वेग कमी, त्याला वारा दूर नेतो. धुळीचे शास्त्रही हेच सांगते. धुळीच्या कणाचा 'आकार' सांगताना शास्त्रज्ञ त्याचे प्रत्यक्ष माप घेत नाहीत. पाण्याइतक्या घनतेचा कोणता गोल कण तितक्याच वेगाने खाली पडेल, हे ते पाहतात. त्या गोलाचा व्यास हा त्या कणाचा व्यास मानला जातो.

या दृष्टीने काही आकडे पाहण्यासारखे आहेत. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारणतः ५० ते ७० मायक्रॉन जाडीचा असतो. १० मायक्रॉनचा कण शांत हवेत सेकंदाला सुमारे ३ मिलिमीटर या वेगाने खाली येतो. म्हणजे आपल्या नाकाच्या उंचीवरून, सुमारे दीड मीटरवरून, जमिनीवर यायला त्याला आठ-नऊ मिनिटे लागतात. २.५ मायक्रॉनच्या कणाला तेच अंतर कापायला जवळजवळ दोन तास लागतात, आणि तेही हवा अगदी स्तब्ध असेल तर. प्रत्यक्षात हवा स्तब्ध नसतेच. त्यामुळे मोठी धूळ खाली बसते, आपण ती केरसुणीने झाडतो आणि समाधान मानतो. बारीक धूळ मात्र दिवसभर आपल्या श्वासाच्या उंचीवर तरंगत राहते. मोठे कण नाकात आणि घशात अडतात. बारीक कण फुप्फुसाच्या शेवटच्या कप्प्यांपर्यंत पोहोचतात. म्हणूनच धूळ किती आहे, एवढे विचारून भागत नाही. कोणत्या आकाराची किती आहे, हे विचारावे लागते.

छपरावरचा शंकू

आपल्या समाजातील अनेक कुटुंबांचा धान्य, डाळ आणि पीठ यांच्या व्यापाराशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे. बँकेच्या नोकरीत असताना प्रक्रिया उद्योगांचे कर्जप्रस्ताव तपासण्याच्या निमित्ताने मी अनेक डाळ मिल पाहिल्या. बहुतेक ठिकाणी छपरावर किंवा भिंतीलगत पत्र्याचा एक नळकांडे-वजा शंकू उभा दिसे. वर गोल, खाली निमुळता. त्याला सायक्लोन म्हणतात. यंत्रसामग्रीच्या यादीत त्याची किंमत इतर यंत्रांच्या मानाने किरकोळ असे, आणि म्हणूनच बहुधा त्याच्याकडे मालकाचे आणि बँकेचे दोघांचेही लक्ष सर्वांत कमी असे.

वास्तविक हा शंकू म्हणजे खळ्यावरच्या वाऱ्याला गोल फिरवणारे यंत्र होय. धुळीने भरलेली हवा पंख्याच्या जोराने त्यात वरच्या बाजूने, भिंतीला स्पर्शून जाईल अशी शिरते. ती भिंतीलगत गरगर फिरत खाली उतरते. जड कण बाहेर फेकले जातात, भिंतीला लागतात आणि घसरत खालच्या तोंडाशी जमा होतात. तळाशी पोहोचलेली हवा मध्यभागातून, एका आतल्या भोवऱ्याच्या रूपाने, पुन्हा वर चढते आणि वरच्या नळीतून बाहेर पडते. एका भोवऱ्याच्या पोटात दुसरा भोवरा, अशी ही रचना आहे. हालणारा एकही भाग तिच्यात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतील पिठाच्या गिरण्यांच्या काळात हे साधन रूढ झाले. तेथे पिठाच्या धुळीचे भय केवळ खोकल्याचे नव्हते. २ मे १८७८ रोजी मिनियापोलिस येथील वॉशबर्न गिरणीत हवेत पसरलेल्या पिठाने पेट घेऊन झालेल्या स्फोटात १८ माणसे दगावली होती.

सायक्लोनची ताकद हवेच्या वेगात असते. ६० सेंटिमीटर व्यासाच्या सायक्लोनमध्ये हवा सेकंदाला १५ मीटर वेगाने फिरत असेल, तर कणाला बाहेर फेकणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ७५ पट होतो. वेग निम्म्यावर आला तर हा जोर निम्म्यावर नव्हे, चौथ्या हिश्श्यावर येतो. पंख्याचा पट्टा सैल झाला, नळीत भोक पडले किंवा वळणावर भुसा साचला की बाहेरून यंत्र पूर्वीसारखेच घरघरत राहते. आत मात्र बारीक कण भिंतीपर्यंत पोहोचत नाहीत आणि हवेबरोबर बाहेर पडतात. तळाच्या तोंडाशी बांधलेले पोते सैल असले तरी तीच गत होते. आतल्या भोवऱ्याच्या तळाशी हवेचा दाब कमी असतो. फटीतून बाहेरची हवा आत शिरते आणि नुकतीच खाली बसलेली धूळ पुन्हा वर उचलून नेते. मालाची घट होते आणि तीच घट कामगाराच्या छातीत जाऊन बसते.

भोवऱ्यातला वेग कसा मोजायचा?

हवा डोळ्यांना दिसत नाही. तिचा वेग मोजण्याचे सर्वांत जुने आणि आजही सर्वांत उपयोगी साधन म्हणजे पिटो नळी. फ्रान्समधील अभियंता आंरी पिटो याने १७३२ साली सीन नदीच्या प्रवाहाचा वेग मोजण्यासाठी ती योजिली. प्रवाहाकडे तोंड केलेल्या नळीत पाणी किंवा हवा येऊन थांबते आणि तेथे दाब वाढतो. हा दाब आणि प्रवाहाचा नेहमीचा दाब यांतील फरक कळला की वेग काढता येतो. हवेसाठी हा फरक इंग्रजी 'यू' अक्षराच्या आकाराच्या, रंगीत पाणी भरलेल्या काचेच्या नळीत दिसतो. तिला मॅनोमीटर म्हणतात. सेकंदाला १५ मीटर वेगाच्या हवेसाठी दोन बाजूंच्या पाण्यात सुमारे १४ मिलिमीटरचा फरक पडतो. वेग दुप्पट झाला तर फरक चौपट होतो. पाण्याची उंची वाचून कोणीही कागदावर करू शकेल असा हा हिशेब आहे.

सरळ नळीत हे सोपे आहे. सायक्लोनच्या पोटात कठीण आहे. तेथे हवा एकाच वेळी गोल फिरते, खाली किंवा वर जाते आणि थोडी मध्याकडेही सरकते. नळीचे तोंड नेमके कोणत्या दिशेला धरायचे, हाच प्रश्न पडतो. १९४९ साली टेर लिंडेन या संशोधकाने सायक्लोनच्या आतील वेगांची मोजमापे प्रसिद्ध केली. ती पुढे अनेक वर्षे अभ्यासकांचा आधार ठरली. वेगाची दिशाही कळावी म्हणून तोंडाशी अनेक छिद्रे असलेल्या नळ्या वापरात आल्या. परंतु एक अडचण उरलीच. मोजण्यासाठी आत घातलेली नळी स्वतःच भोवऱ्याला अडवते, आणि मग जो वेग मोजला जातो तो नळी नसतानाचा नसतो. १९६४ नंतर लेसर प्रकाशाच्या साहाय्याने हा प्रश्न सुटू लागला. हवेबरोबर वाहणाऱ्या सूक्ष्म कणांवर लेसर टाकायचा आणि परतलेल्या प्रकाशातील सूक्ष्म बदलावरून त्या कणांचा वेग काढायचा, अशी ही पद्धत आहे. यात आत काहीच घालावे लागत नाही, पारदर्शक भिंत पुरते. या मोजमापांतून असेही दिसले की आतला भोवरा अगदी मधोमध उभा राहत नाही; फिरत्या भोवऱ्याच्या आऱ्याप्रमाणे तो डोलतो.

छोट्या गिरणीला अर्थातच लेसरची गरज नाही. सायक्लोनच्या आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा यांच्या दाबातील फरक दाखवणारा एक साधा मॅनोमीटर भिंतीला लावला आणि यंत्र नवे असतानाचा आकडा त्याच्याशेजारी रंगाने लिहून ठेवला, तर रोज सकाळी एका नजरेत कळते की आतला वारा शाबूत आहे की नाही. यंत्र घेताना पुरवठादाराने सांगितलेली हवेची मात्रा लेखी घ्यावी आणि यंत्र बसवल्यावर ती मोजून मागावी, हेही तितकेच आवश्यक आहे.

हवेच्या आकड्यामागचा आकडा

आता गिरणीतून बाहेर येऊ. वर्तमानपत्रात आपण वाचतो की अमुक शहरात सूक्ष्म धूलिकणांचे प्रमाण इतके झाले. आपल्या देशात १८ नोव्हेंबर २००९ रोजी अधिसूचित झालेल्या मानकांनुसार २.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांची २४ तासांची मर्यादा एका घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम, तर वार्षिक सरासरीची मर्यादा ४० मायक्रोग्रॅम आहे. १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी हेच आकडे अनुक्रमे १०० आणि ६० आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली २.५ मायक्रॉनच्या कणांसाठी वार्षिक ५ मायक्रोग्रॅम हे कितीतरी कडक मार्गदर्शक मूल्य दिले.

हे कण मोजणाऱ्या यंत्राला आधी ते निवडावे लागतात. १० मायक्रॉनच्या कणांसाठी आपल्याकडे वर्षानुवर्षे वापरले गेलेले यंत्र मिनिटाला सुमारे १.१ घनमीटर हवा ओढते आणि त्यातही एक छोटा सायक्लोनच बसवलेला असतो. जाडी धूळ त्याच्या खालच्या कुपीत पडते, बारीक धूळ वरच्या गाळण-कागदावर साचते. २.५ मायक्रॉनच्या यंत्रात अनेकदा वेगळी युक्ती असते. हवा एका बारीक तोंडातून वेगाने एका तबकडीवर सोडतात. हवेला तेथे एकदम वळावे लागते. हलके कण हवेबरोबर वळतात. जड कणांना ते जमत नाही आणि ते तबकडीला चिकटतात. भरधाव गाडीला अचानक वळण घेता येत नाही, तसेच हे आहे.

या दोन्ही युक्त्यांत कोणता कण अडणार आणि कोणता पुढे जाणार, हे हवेच्या वेगावर ठरते. २.५ मायक्रॉनसाठीचे प्रचलित यंत्र मिनिटाला १६.६७ लिटर हवा ओढण्यासाठी आखलेले असते. म्हणजे तासाला १ घनमीटर आणि दिवसाला २४ घनमीटर. आता बँकेतल्या सवयीने एक उदाहरण मांडतो. २४ तासांनंतर गाळण-कागदाचे वजन १.२ मिलिग्रॅमने वाढले. २४ घनमीटरने भागले तर ५० मायक्रोग्रॅम येतात. मर्यादा ६०, हवा मर्यादेत. परंतु समजा कागद तुंबल्याने किंवा पंप थकल्याने प्रत्यक्षात १९.२ घनमीटरच हवा ओढली गेली. तेच वजन १९.२ ने भागले तर ६२.५ येतात, हवा मर्यादेबाहेर. धूळ तीच, वजन तेच, निकाल उलटा. शिवाय हवा कमी झाली की निवडही बदलते. प्रवाह २० टक्क्यांनी घटला, तर साध्या गणिताने २.५ मायक्रॉनची सीमा सुमारे २.८ मायक्रॉनवर सरकते आणि ज्या कणांना मोजायचे नव्हते, तेही कागदावर येतात. एकाच दोषामुळे भागाकारही बिघडतो आणि भाज्यही.

म्हणूनच चांगल्या प्रयोगशाळेत धुळीच्या वजनाइतकीच हवेच्या प्रवाहाची नोंद महत्त्वाची मानतात. प्रवाह आरंभी किती होता, शेवटी किती होता, प्रवाहमापक शेवटचा कधी तपासला होता, हे त्या नोंदीत असते. खातेपुस्तकात केवळ अखेरची शिल्लक लिहून जमाखर्चाच्या नोंदी गाळल्या, तर कोणताही लेखापरीक्षक ते मान्य करणार नाही. हवेच्या आकड्यालाही तोच न्याय हवा.

धुराड्यातला वारा

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत ऊस आहे, साखर कारखाने आहेत, दौंडकडे गुऱ्हाळे आहेत. रांजणगाव आणि कुरकुंभ येथे मोठ्या औद्योगिक वसाहती आहेत. ज्या परिसरात बॉयलर उसाच्या चिपाडावर चालतात, तेथे गळीत हंगामात वाळत घातलेल्या कपड्यांवर पडणारी काजळी गृहिणींच्या परिचयाची असते. अशा बॉयलरच्या धुरातील राख अडवण्यासाठी अनेक छोट्या सायक्लोनचे संच, पाण्याचे फवारे किंवा विजेवर चालणारे धूळरोधक बसवतात. २०१६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार साखर कारखान्याच्या धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या कणांची मर्यादा एका प्रमाणित घनमीटरला १५० मिलिग्रॅम आहे.

ही मर्यादा पाळली जाते की नाही, हे पाहण्यासाठी धुराड्याच्या बाजूला ठेवलेल्या छिद्रातून नळी आत घालून धूर ओढतात. येथे एक बारकावा आहे, जो निमोण्याच्या वावडीवरील माणसाला लगेच समजला असता. धुराड्यात धूर ज्या वेगाने वर जातो, अगदी त्याच वेगाने तो नळीत ओढला गेला पाहिजे. नळी हळू ओढत असेल तर हवा तिला वळसा घालून जाते, जड कण मात्र सरळ तिच्यात घुसतात आणि राख वास्तवाहून जास्त भरते. नळी जोरात ओढत असेल तर आजूबाजूची हवा वळून आत येते, जड कण बाहेरच राहतात आणि राख वास्तवाहून कमी भरते. म्हणजे ओढण्याचा वेग वाढवला, एवढ्यानेच कारखाना कागदावर स्वच्छ होऊ शकतो. यासाठी आधी पिटो नळीने धुराड्यातील वेग अनेक बिंदूंवर मोजणे आणि त्यानुसार ओढण्याचा वेग राखणे बंधनकारक आहे. वेग मोजण्याची जागाही ठरलेली आहे: आदर्श स्थितीत शेवटच्या वळणापासून धुराड्याच्या व्यासाच्या आठपट वर आणि टोकापासून दोनपट खाली, म्हणजे प्रवाह स्थिर झालेला असतो. ग्रामसभेत एखादा तपासणी अहवाल आला, तर केवळ शेवटचा आकडा न वाचता त्यात धुराचा वेग आणि ओढण्याचा वेग नोंदवला आहे का, हे विचारण्याचा नागरिकांना पूर्ण अधिकार आहे. प्रश्न साधा आहे, आणि त्याने चोख काम करणाऱ्या कारखान्याचेही हितच होते.

आपल्या श्वासाचा वेग

या विषयाचे शेवटचे टोक आपल्या घरातच आहे. दम्यासाठी ओढून घ्यायच्या औषधाचे कण १ ते ५ मायक्रॉनच्या दरम्यान असले तरच ते फुप्फुसात योग्य जागी पोहोचतात. औषध कंपन्या ही गोष्ट वर सांगितलेल्या तबकड्यांच्या युक्तीनेच तपासतात. एकाखाली एक तबकड्या रचलेल्या उपकरणातून ठरलेल्या प्रवाहाने हवा ओढतात आणि कोणत्या तबकडीवर किती औषध अडले, ते पाहतात. अशा एका प्रसिद्ध उपकरणात हा प्रवाह मिनिटाला २८.३ लिटर, म्हणजे १ घनफूट असतो. चाचणीपूर्वी प्रवाह मोजून पक्का करावा लागतो. नाहीतर पुढचे सारे निकाल निरर्थक ठरतात.

परंतु रुग्णाच्या हातात गेल्यावर प्रवाह कोण ठरवतो? त्याचा स्वतःचा श्वास. कॅप्सूल घालून वापरायच्या कोरड्या भुकटीच्या उपकरणात बारीक औषध बहुधा जाड्या साखर-कणांना (दुग्धशर्करेच्या) चिकटलेले असते आणि ओढलेल्या हवेच्या जोरानेच ते सुटते. म्हणून त्यात श्वास जोराने आणि खोल घ्यावा लागतो. दाबून फवारा सोडणाऱ्या पंपात उलट आहे. तेथे श्वास सावकाश आणि खोल हवा. जोराने ओढला तर औषध घशातच आदळते. दोन उपकरणे, दोन वेग. घरातील ज्येष्ठांना औषध लागू पडत नाही असे वाटत असेल, तर मात्रा वाढवण्याचा विचार करण्यापूर्वी ते श्वास कसा घेतात हे डॉक्टरांना प्रत्यक्ष करून दाखवावे. दुर्बल झालेल्या छातीला भुकटीचे उपकरण पेलत नसेल, तर डॉक्टर दुसरे सुचवू शकतात.

प्रौढ माणूस दिवसाकाठी दहा घनमीटरांहून अधिक हवा श्वासावाटे घेतो. अन्न आपण निवडून घेतो, पाणी गाळून घेतो. हवा मात्र समोर येईल ती घ्यावी लागते. म्हणून जेथे ती निवडण्याची यंत्रे आहेत, तेथे ती यंत्रे खरोखर काम करतात की नाहीत, याची विचारपूस करणे हे आपले कर्तव्य ठरते. ज्यांची गिरणी किंवा डाळ मिल आहे, त्यांनी या आठवड्यात सायक्लोनच्या तळाचे पोते घट्ट आहे का ते पाहावे, पंख्याचा पट्टा तपासावा, भिंतीवर एक मॅनोमीटर लावून घ्यावा आणि मळणीच्या व भरडाईच्या कामावरील माणसांना चांगले मुखाच्छादन द्यावे. या सर्वांचा मिळून खर्च एखाद्या लहान दुरुस्तीइतकाही येत नाही, आणि वाचणारा माल हिशेबात लगेच दिसतो. कामगारांच्या छातीतली वाचलेली धूळ कोणत्याही ताळेबंदात दिसणार नाही. तरी ती नोंद मालकाने मनात ठेवावी.